फटफटी आणि कापसाची खोली

आमच्या घराण्यात एक गोष्ट ठरून गेलेली आहे: लढाईच्या दिवसांत फटफटीनं कापूस जाळला. लग्नकार्यात जेवणं आटोपली, पान लावायला मंडळी बसली की कोणीतरी ती काढतं आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालून सुपारी कातरत राहतो. पोरांना ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात बाप मूर्ख ठरतो. स्वतःच्या मूर्खपणाच्या माझ्याकडे पुष्कळ गोष्टी आहेत आणि त्या मी मीठमसाला लावून सांगतोही. ही मात्र मी कधी सांगितली नाही, दुसऱ्यांनीच सांगितली. आता वडील नाहीत, आत्याही नाही. तेव्हा झालं तसं एकदा लिहून ठेवायला हरकत नाही.

घर आमचं वडनेर भोलजीत. धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, जाड मातीच्या भिंतींचं. आई माझ्या लहानपणीच गेली होती, त्यामुळं घरात आम्ही तिघं: वडील, मी आणि आत्या. आत्या वडिलांपेक्षा मोठी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत कपाळ पांढरं होऊन ती भावाकडं परत आली आणि तिनं घर असं सांभाळलं की गाव आमच्या घराला तिचंच घर म्हणे. पण आपण भावाच्या दारी आहोत, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. त्यापायी ती घरातली कुठलीही वस्तू वाया जाऊ देत नसे. फाटक्या धोतराची चिंधी, चुलीतली राख, भाकरीचा कोर, तुटलेली सुतळी, सगळ्याला तिच्याकडे जागा होती. आपण खातो त्यापेक्षा जास्त वाचवतो, असा तिचा स्वतःशीच काही हिशेब असावा.

आणि घरात कापूस होता. हिवाळा उतरणीला लागला तरी वडिलांनी त्या वर्षीचा कापूस विकलेला नव्हता. भाव चढेल अशी त्यांना आशा होती. उत्तरेकडची खोली तुळईपर्यंत कापसानं भरली होती, पायांनी तुडवून तुडवून. पुढच्या पेरणीचं बी, घरातलं मीठ-मिरची, गड्यांचं धान्य, कपडेलत्ते, बोलून न दाखवलेलं माझं लग्न, सगळं त्या एका खोलीत होतं. त्या खोलीच्या दाराशी कोणी विडी ओढत उभा राहिला तरी वडील अंगणातून ओरडत.

त्यांच्या भीतीला कारण होतं. तरुणपणी ते नांदुऱ्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाला जात. तिथं रुईची एक गठाण आतून पेटलेली त्यांनी पाहिली होती. बाहेरून पांढरी स्वच्छ, हमालांनी पाठीवरून वाहिलेली. ती उघडली तेव्हा आत एक लाल डोळा होता आणि वारा लागताच त्याची भट्टी झाली. हे सांगताना ते आवाज खाली आणत.

“कापूस वरून नाई जयत, आतून जयते,” ते म्हणत. “वरून पांढरा दिसते. अन् एक दिवस हात घातला का आत काईच नसते.”

अशा घरात मी फटफटी आणली.

माझं कर्तृत्व असं की गाडी यायच्या आधीच मी लायसन काढून ठेवलं होतं. खामगावला शिकत असताना एका ओळखीच्याच्या गाडीवर हात बसवला आणि बुलढाण्याला जाऊन परीक्षा दिली. साहेबानं लांबचं एक कडुनिंबाचं झाड दाखवून तिथवर जाऊन परत ये म्हणून सांगितलं. मी झाडापर्यंत झोकात गेलो आणि तिथं गाडी बंद पडली. मी ती ढकलत आणली. माझा घाम पाहून की दुपारच्या जेवणाची वेळ झाली म्हणून, साहेबानं सही केली. त्या कागदावर मध्यप्रांत व वऱ्हाड असं छापलेलं होतं. म्हणजे सातपुड्याच्या पलीकडं, जिथं मी जन्मात गेलो नव्हतो, तिथंही गाडी ढकलायची मला परवानगी होती.

गाडी मिळाली ती नांदुऱ्याच्या जिनाच्या मागल्या पडवीत. जिनाचा गोरा इंजिनिअर लढाई लागल्यावर निघून गेला आणि मागं ही राहिली. सरकीच्या पोत्यांआड ती भिंतीला टेकून उभी होती. चाकांत हवा नाही, साखळी गंजून दोरखंडासारखी ताठ, सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलेलं आणि सीटच्या फाटक्या चामड्यात कोंबडी अंडी घालायला बसलेली. जिनवाल्यांना जागा मोकळी करून हवी होती. कोंबडी तुमची नाही एवढं सांगून त्यांनी ती माझ्या हवाली केली. बैलगाडीत घालून घरी आणताना बैल सारखे मागं वळून बघत होते.

आत्या दारातच उभी होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला आणि म्हणाली, “याले जयल्याचा वास येते.”

वर्षानुवर्षं न पेटलेल्या इंजिनाला जळल्याचा वास कसा येईल, म्हणून आम्ही दोघंही हसलो. तेव्हापासून आत्याचं ते पालुपद झालं. सकाळी चहा दिला की जळल्याचा वास, दुपारी भाकरी वाढली की जळल्याचा वास. वडील मला चिडवायला तिला मुद्दाम विचारत, आज वास कसा आहे म्हणून. तीही मग, कालच्यापेक्षा बरा आहे, असं गंभीरपणं सांगे. त्या थट्टेची आम्हाला इतकी सवय झाली की तो शब्द कानावर पडला तरी कोणाचं लक्ष जाईना. पुढं जे झालं त्याचं अर्धं कारण ही सवय.

वडिलांनी गाडी घरात ठेवू दिली, पण अटीवर. पेट्रोलचा थेंब उंबऱ्याच्या आत यायचा नाही. डबा विहिरीपलीकडं, दगडाखाली. गाडी सुरू करायची ती रस्त्यावर, आणि परत आणायची ती टाकी रिकामी करून. मी सगळ्या अटी पाळल्या. टाकी उपडी करून, तिच्यात नाक घालून मी वडिलांना दाखवत असे, आणि तेही नाक घालून खात्री करून घेत. आम्ही दोघं बापलेक पाळीपाळीनं टाकी हुंगतोय, हे दृश्य शेजारपाजारी बघून जात. विस्तव कुठून येणार हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून आम्ही त्या एकाच बाजूला पहारा देत बसलो.

काम मी ओसरीवर, कापसाच्या खोलीच्या दाराशी करी, कारण उजेड तिथंच चांगला. आधी अंगावरचा गंज. रॉकेल शिधापत्रिकेवर, ते दिव्यालाच पुरेना. गंज खरवडायला, साखळी भिजवायला, जाम झालेला पिस्टन सोडवायला आमच्याकडं हुकमी एकच तेल होतं, जवसाचं. घरचा जवस, गावातला घाणा. गाडीचं चाक कुरकुरलं, नांगराचं लाकूड तडकलं, दाराची बिजागरी अडकली की वऱ्हाडात हात जवसाच्या तेलाकडं जातो. मी ते कढवून घेतलं, म्हणजे लोखंडावर लवकर सुकतं आणि चकाकी राहते. पुसायला घरची रुई. तेलात बुडवायची, घासायचं, काळी झाली की बाजूला टाकायची, नवी घ्यायची. दिवसाकाठी बोळ्यांचा ढीग पडे.

गंजाखालून हळूहळू हिरवा रंग दिसू लागला, टाकीवर पिवळी रेघ निघाली. एखाद्या माणसाचा चेहरा ओळखीचा होत जावा तसं ते होतं. पिस्टन सुटायला फार दिवस लागले. मी रोज तेल सोडी, रोज किक मारी आणि रोज किक मला मारी. माझी पिंढरी निळी पडलेली पाहून आत्या तिला हळदीचा लेप लावून देई आणि म्हणे, लग्नाच्या आधीच हळद लागली तुले.

ते तेलकट बोळे आत्या गोळा करी.

तिला ते फेकवत नव्हते. घरची रुई आणि घरचं तेल, दोन्ही मातीत जाणार हे तिला सहनच होईना. रॉकेल नाही, तर गोठ्यात काकडे पेटवायला हे कामी येतील, असं तिनं ठरवलं. हात काळे करून तिनं एकेक बोळा दाबला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधून त्याचं गाठोडं केलं. तेलाचा वास म्हणजे उंदीर आलेच. म्हणून कापसाच्या खोलीत जाऊन, ढिगात खांद्यापर्यंत हात घालून, तिनं ते गाठोडं अगदी आत खोवून ठेवलं. तिथं उंदीर जाणार नाही, ओलही लागणार नाही. हे तिनं माझ्यादेखत केलं आणि मी इंजिनातून डोकं वर काढून, चांगलं केलंस, असं म्हणालो. वडीलही तिथून गेले आणि त्यांनी पाहिलं. बिनाविस्तवाचा कापूस, बिनाविस्तवाचं तेल. त्यात कोणाला काय दिसणार होतं?

जवसाचं तेल सुकताना तापतं, हे मला फार वर्षांनी एका रंगाऱ्यानं सहज बोलता बोलता सांगितलं. मोकळ्यावर तापलं तर वाऱ्यानं निवून जातं. दाबून, बांधून, कापसाच्या दुलईत ठेवलं तर ती ऊब जायची कुठं?

पुढचे काही दिवस घरात सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. आज मागं वळून पाहतो तेव्हा त्यातलं काहीच नेहमीसारखं वाटत नाही.

ऊब पहिली समजली ती मांजरीला. आमची मांजर थंडीत चुलीच्या राखेत झोपायची. तिनं चूल सोडली आणि कापसाच्या ढिगावर, एका ठराविक जागी, वेटोळं करून झोपू लागली. हुसकलं तरी परत तिथंच. आत्या म्हणाली, म्हातारी झाली, हिलेही आता गादी पाह्यजे.

मग भिंत. कापसाच्या खोलीची आणि माजघराची भिंत एकच होती. आत्याचे गुडघे आणि कंबर हिवाळ्यात धरून येत. ती दुपारी माजघरात चटई टाकून त्या भिंतीला पाठ लावून बसू लागली. भिंत मोठी गोड झाली आहे, असं तिनं मला सांगितलं. उन्हानं तापली असेल, असं मी म्हणालो. उत्तरेची खोली, हिवाळ्याचे दिवस, त्या बाजूला ऊन फिरकतही नव्हतं. मी हात लावून पाहिला. खरंच कोमट होती, आजारी माणसाच्या कपाळासारखी. मी तिला म्हणालो, बरं झालं, शेक मिळतो. आणि कार्बोरेटर उघडायला गेलो.

तिचं डोकं दुखू लागलं. आपल्याला जळल्याचा वास येतो, असं ती पुन्हा म्हणाली. या वेळी थट्टेत नव्हे. पण थट्टा तिची होती की आमची, याचा फरक तोपर्यंत मिटून गेला होता. वडील म्हणाले, “बाई, तुले तं ते गाडी बैलगाडीत होती तवापासून वास येऊन राह्यला.” तिनं नाकाला पदर लावला. मग हळूच म्हणाली, “हो बाप्पा. माह्यंच नाक जयलं असन.”

त्याच सुमारास फटफटी सुरू झाली. मळ्याच्या रस्त्यावर ती आधी खोकली, मग तिनं धूर सोडला आणि मग असा आवाज केला की पलीकडच्या शेतातली सोंगणीची माणसं विळे घेऊन उभी राहिली. मी गावातून एक फेरी मारली. त्या फेरीत मी किती शोभत होतो हे मला ठाऊक आहे, कारण मी एकटाच ते पाहत होतो.

नेमका तेव्हाच कापसाचा भाव चढल्याचं कळलं. वडिलांनी नांदुऱ्याला आपल्या ठरलेल्या अडत्याकडं वानगी दाखवायचं ठरवलं. वानगी म्हणजे नमुन्याचा मूठभर कापूस. तो बघून, ओढून, तुटतो कसा ते पाहून अडत्या भाव बोलतो, मग गाड्या भरायच्या. दोन बैलांपैकी एकाचा खूर दुखावला होता. मी म्हणालो, फटफटीवर चला. वडील बराच वेळ माझ्या लायसनकडं बघत राहिले. त्यावर काय लिहिलं आहे हे त्यांना वाचता येत नव्हतं, पण शिक्का पाहून त्यांनी फेटा बांधला.

आत्यानं वानगी काढून दिली. वरचा कापूस धुळीचा म्हणून तिनं ढिगात हात खुपसला आणि आतला ओढला. “कसा उबारा लागते,” ती म्हणाली. वडील फेट्याचा शेव गाडीच्या चाकात जाईल का याच्या काळजीत होते. कापूस थंडीत उबदारच लागतो, त्यांनी ऐकलं तरी काय म्हणाले असते. त्यांनी वानगी उपरण्यात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. निघताना मी मागं पाहिलं. आत्या दार लोटून आत चालली होती, भिंतीशी टेकायला. मांजर मात्र त्या दिवशी अंगणात होती. मधोमध, उघड्यावर, थंडीत बसून ती घराकडं बघत होती.

रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळानं वडिलांनी माझ्या खांद्यावर बुक्की मारली. जळल्याचा वास येतो म्हणाले. मी गाडी थांबवली. तारा पाहिल्या, ब्रेक पाहिले, सायलेन्सरवर त्यांच्या धोतराचा सोगा लागला का पाहिलं. काही नव्हतं. पुन्हा निघालो. पुन्हा बुक्की. पुन्हा उतरलो. या वेळी मलाही वास आला. करपलेल्या दुधासारखा, गोडसर. पुऱ्या गाडीवर माझा ताबा होता, पण त्या वासावर नव्हता. तो कुठल्याही पुर्ज्याजवळ नाक नेलं की नाहीसा होई आणि उभं राहिलं की परत येई.

“बाईचं खरं दिसते,” वडील म्हणाले. “हे गाडीच जयकी हाये.”

मला वाईट वाटलं. इतके दिवस घासलेली, पुसलेली गाडी, आणि तिच्या पोटात कुठंतरी विस्तव आहे हे मला सापडत नव्हतं. एका जागी इंजिन पूर्ण गार होईपर्यंत आम्ही बाभळीखाली बसलो. इंजिन गार झालं. वास तसाच होता. त्यावर आम्ही काय विचार करायला हवा होता, ते आज कोणीही सांगेल. आम्ही पुन्हा गाडीवर बसलो.

अडत्या गादीवर बसला होता. राम राम झालं, पाणी झालं, फटफटीची चौकशी झाली. वडिलांनी उपरण्याची गाठ सोडून वानगी पुढं केली. अडत्यानं सवयीनं एक चिमूट घेतली, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढली. धागा लांबला नाही, कट्कन तुटला. त्यानं दुसरी चिमूट घेतली. तीही तुटली. मग त्यानं तो कापूस नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

तो काही भाव बोलेल म्हणून आम्ही वाट बघत होतो. त्यानं कापूस खाली ठेवला, हात गादीला पुसले आणि वडिलांकडं पाहिलं.

“पाटील, घरी कोन हाये?”

“बहीन हाये,” वडील म्हणाले.

“कापूस कुठी भरला?”

“तिच्या पाठीमागच्या खोलीत.” आणि हे बोलता बोलताच त्यांचा चेहरा बदलला. जिनातली ती गठाण त्यांच्या डोळ्यांत मला दिसली. मला भिंत आठवली. हाताला लागलेली ती कोमट भिंत.

“मंग इथं बसू नोका,” अडत्या म्हणाला.

जाताना वडील माझ्या कमरेला दोन्ही हातांनी आवळून बसले होते. परत येताना त्यांनी एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, “हाण.”

मी कधी नव्हे ते हाणली. खडीचा रस्ता होता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. परीक्षेत मी झाडापर्यंत जाऊन आलो होतो, त्यापलीकडचं मला कोणी शिकवलं नव्हतं. एक गाडीवान शिव्या देत बैलांसकट शेतात उतरला. नाल्याच्या उताराला गाडी पाण्यात गेली आणि बंद पडली. मी किक मारली, पुन्हा मारली. ती नुसती फुसफुसली. तेव्हा वडील उतरले. ज्या गाडीला त्यांनी नाक सोडून दुसरं काही लावलं नव्हतं, तिला त्यांनी मागून खांदा दिला. फेटा पाण्यात पडला तो त्यांनी उचलला नाही. आम्ही दोघांनी ढकलत ती चढावर नेली. मी मनातल्या मनात त्या यंत्राला काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. त्यात देवाचंही नाव होतं. चढावर ती सुरू झाली.

घर शांत होतं. आम्हाला ज्वाळा दिसतील, लोक जमलेले असतील असं वाटलं होतं. काहीच नाही. दार लोटलेलं. धाब्यावर निळं आभाळ. मांजर तिथंच, अंगणात.

माजघरात धूर दिसत नव्हता, पण हवा डोळ्यांना टोचत होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती. पदर नीट, हात मांडीवर, मान एका बाजूला. झोपलेलं माणूस दिसतं तशीच. वडिलांनी हाक मारली, “बाई.” ती हलली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, लहानपणी मारत असतील तशी. मग त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं. इतकी हलकी होती ती. ती टेकली होती त्या जागी भिंतीचा चुना तपकिरी झाला होता.

अंगणात तिला निजवलं, तोंडावर पाणी मारलं. आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो आणि आत आमचं वर्ष जळत होतं. त्या वेळात वडिलांनी एकदाही त्या खोलीकडं पाहिलं नाही, हे मी कधी विसरलो नाही. मग तिनं कूस वळवली, तिला ओकारी आली आणि तिनं डोळे उघडले.

“कापूस?” ती म्हणाली.

“हाये,” वडील म्हणाले. “तू निज.”

मगच ते उठले. तोवर शेजारी धावून आले होते. कोणी हंडा घेऊन दार उघडायला निघाला, त्याला वडिलांनी दंडाला धरून मागं ओढलं. आधी घोंगड्या भिजवायला लावल्या. दार एका माणसापुरतंच किलकिलं करायचं, वरून पाणी ओतायचं नाही, कडेचा कापूस आधी ओढून मळ्यात टाकायचा, ओल्या घोंगडीखाली आत शिरायचं. जिनात पाहिलेलं सगळं त्यांना आठवत होतं. वरून ढीग अजून पांढराच होता. मधे हात घातला तेव्हा तिथं कापूस नव्हताच. काळी गुहा होती, आणि तिच्या भिंतींवर लाल अक्षरं सरकावीत तशी आग सरकत होती. जो गोळा बाहेर आला तो अंगणात वारा लागताच भडकला. खोली वाचली. ढिगाचा मोठा वाटा वाचला, पण करपलेल्या वासाचा, तपकिरी, तुटक्या धाग्याचा. उरलेला स्वच्छ कापूस वेगळा काढायला आम्ही पुढं बरेच दिवस बसलो होतो.

त्या राखेत मी काठी फिरवत होतो तेव्हा वडील शेजारी आले. त्यांच्या मुठीत काही होतं. विहिरीआड नेऊन त्यांनी मूठ उघडली. फडक्याची गाठ होती, जळून कोळसा झालेली, पण गाठ म्हणून अजून ओळखू येणारी. एका टोकाला लुगड्याचा काठ शिल्लक होता. आमच्या घरातला काठ.

आम्ही दोघंही ती गाठ बघत होतो. कुठून पेटलं हे आम्हाला समजलं, कसं पेटलं हे नाही. पण ते गाठोडं तिथं कोणी ठेवलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. अंगणात आत्या उठून बसली होती आणि जमलेल्या बायांना, कोणी चहा घेणार का, असं विचारत होती.

वडिलांनी ती गाठ विहिरीत टाकली. वाकून ती बुडेपर्यंत पाहिली.

“कोनी इचारलं तं कापूस फटफटीनं जायला म्हन,” ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

खरं तर फटफटीसारखा निर्दोष आरोपी मिळणं कठीण. कापूस जळत होता तेव्हा ती नांदुऱ्यात अडत्याच्या दारात उभी होती, सगळ्या बाजारानं तिला पाहिलं होतं. तिची टाकी तर आम्ही दोघांनी रोज हुंगलेली. पण तिच्या बाजूनं साक्ष द्यायला कोणी आलं नाही. गाव पहिल्या दिवसापासून हेच व्हायची वाट बघत होतं. एकदा तिच्याकडं बोट दाखवलं गेलं, की ती घरात राहणं शक्य नव्हतं. ती राहिली असती तर कोणीतरी विचारलं असतं, कापूस जाळणारी गाडी घरात ठेवता कशी, आणि मग पुढचे प्रश्न आले असते.

डोणगावाकडचा एक जण ती घेऊन गेला. त्यानं किक मारली आणि ती पहिल्याच किकला सुरू झाली. माझ्या बाबतीत तिनं हा चांगुलपणा कधी दाखवला नव्हता. निघण्याआधी आत्या घरातून बाहेर आली. इतके दिवस त्या गाडीपासून हातभर लांब उभी राहणारी आत्या जवळ गेली आणि तिनं पदरानं सीटवरची धूळ पुसली. पूर्ण, कोपऱ्यांसकट. मग ती आत निघून गेली. लायसन माझ्या पेटीत अजून आहे. त्यावरचं मध्यप्रांत व वऱ्हाड आता नकाशातही सापडत नाही.

करपलेला कापूस कोणी घेईना. आत्यानं तो फेकू दिला नाही. सरकी काढून, पिंजून तिनं त्याच्या वाती वळल्या, आणि त्या वर्षभर आमच्या देवापुढं तपकिरी वाती जळल्या. दिवा लावला की तोच वास घरात पसरे, करपलेल्या दुधासारखा, गोडसर. जेवणाच्या पाटावर आम्ही तिघं तो घेत बसू. वडील भाकरी मोडत राहत, मी मान खाली घाली. जळल्याचा वास येतो, असं आत्या पुन्हा कधी म्हणाली नाही.

आणि जी बाई सुतळीचा तुकडाही कुठं ठेवला हे वर्षानंतर सांगत असे, तिनं ते गाठोडं आम्हाला कधीच मागितलं नाही.